नोंद सापडली नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांची मी भरपूर थट्टा केलेली आहे. तरीही रांध्याकडे जाणारी बस दिसली की मी मान फिरवते. सात वर्षं झाली, सवय जात नाही.

१९९२ साली सिल्वासातल्या एका कचेरीत जमिनीचे जुने कागद कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम मला मिळालं. मी नाशिकची, गावातल्याच टोकरखाडा भागात भाड्याने राहायची आणि आपल्याला सगळं कळतं असं समजायची. कागद सव्वीस हजार. एकाचा साचा दुसऱ्याला लागू होईल तर शपथ. कुणावर चतुःसीमा, कुणावर साक्षीदार, कुणावर नुसताच अंगठा. म्हणून रकाने पाडण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक कागद अख्खाच्या अख्खा एक नोंद म्हणून साठवला.

तो शोधायच्या वाटा दोन. वरची सोपी होती. पडद्यावर नाव टाकायचं, मशीन आपल्या तयार सूचीत बघून तीन सेकंदांत उत्तर देणार. खालची किचकट. आपणच प्रोग्राम लिहायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नोंद उघडून वाचायची. त्यात पाऊण तास मशीन अडकून पडायचं.

माझा सहकारी सुकदेव धुळ्याकडचा, सावध माणूस. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही ठेवू ना. सूचीत काय गेलं अन् काय राहिलं, आपल्याले कुठं दिसतंय?"

"कारकून काय प्रोग्राम लिहीत बसणार आहेत?" मी त्याला उडवून लावलं. ओळखीतली दहा नावं टाकून पाहिली, दहाही सापडली. वरची वाट लोकांसाठी उघडली, खालची बंद. साहेब खूश, मी त्याहून खूश.

त्या वर्षी झिपरू कचेरीत येऊ लागला. रांध्याचा वारली, वय पन्नाशीचं. त्याच्या शेतावर कारखान्यांचे प्लॉट पडणार होते. एकतीस मार्चच्या आत बापाच्या नावाचा कागद दाखवला तर शेत वाचणार, नाहीतर जाणार. मूळ गठ्ठे टाइप होऊन दूरच्या गोदामात गेलेले. त्यामुळे मशीनमधून निघालेली आणि साहेबांनी सही केलेली प्रत, एवढाच त्याला आधार.

"बाय, बघ ना, माझा बापूस हाय का त्याच्यात."

मी 'लाडक्या' टाकायची. हिरवी अक्षरं उमटायची: नोंद सापडली नाही.

"नाहीये हो, झिपरूदादा. वाळवीनं खाल्ला असेल कागद."

"नाय बाय. हाय तो. रोज सांजचा बांधावं उभा रेहे. कागूद नसता त उभा कसा रेहता?"

मला हसू आलं. टाइप करणाऱ्या शैलजाबाई हसल्या नाहीत. त्या देवगडच्या, कामाला चोख, असल्या गोष्टींना घाबरणाऱ्या.

तीस मार्चला तो पुन्हा आला. सुकदेव हळूच म्हणाला, "मॅडम, आज खालून वाचून घेऊ. पाऊण तासाचं तर काम." पण दुपारी साहेबांचे पाहुणे मशीन बघायला यायचे होते. मी म्हटलं, "जे सूचीत नाही ते नाही. हट्ट कसला करताय?" झिपरू संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला आणि मग उठून गेला.

जूनमध्ये साहेबांना गाववार आकडे हवे झाले. सूचीतून काढलेली बेरीज बावीस हजारांच्या पुढे जाईना. चार हजार कागद गेले कुठे? शेवटी मुकाट्याने खालची वाट उघडली.

नोंदी एकेक करून सरकू लागल्या. कै. बारक्या. कै. सोमी. कै. देवल्या. जी जी नोंद सूचीला दिसत नव्हती, तिच्या नावाच्या आधी 'कै.' होतं.

शैलजाबाईंवर मी खेकसलेच. त्या गोंधळून म्हणाल्या, "अहो अलकाताई, गठ्ठ्यात मृत्यूचा दाखला असला की लावते मी. गेलेल्या माणसाचं नाव असं बोडकं कसं लिहायचं?"

सूची नावाचा फक्त पहिला शब्द उचलायची, आणि त्याला टिंब असलं तर ती नोंदच सोडून द्यायची. तो नियम मीच घालून दिला होता. मेलेली सगळी माणसं त्या एका शब्दापायी बाहेर राहिली होती, आणि मी तपासायला घेतलेली दहाही नावं जिवंत माणसांची होती. आपल्या घरात मेलेल्याच्या नावाआधी काय लिहितात हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण डोक्यात आलं नाही.

भर दुपार होती, पंखा चालू होता. मागच्या बाकावर कुणीतरी येऊन बसतंय, सरकून दुसऱ्याला जागा देतंय, असं वाटत राहिलं. वळून पाहिलं तर बाक रिकामा होता. मला खरंच भीती वाटली. चौदा हजार बासष्टावी नोंद आली: कै. लाडक्या, राहणार रांधा.

प्रतीवर साहेबांची सही घेऊन दुसऱ्या दिवशी मी रांध्याला गेले. शेताला विटांची भिंत अर्धी झाली होती. झिपरू तिथेच रोजावर सिमेंट कालवत होता.

त्याने हात पुसून कागद धरला. वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस सागाची चार झाडं, दक्षिणेस पायवाट. मी एकेक दिशा वाचत गेले आणि तो तिकडे मान वळवून बघत गेला.

"म्हंजे व्हता," तो म्हणाला.

"होता."

"मंग नाय कोन बोलं?"

मशीन, असं ओठावर आलं होतं. शैलजाबाईंचं नावही आलं होतं.

"मी," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मुकादमाने हाक मारली तसा त्याने कागद माझ्या हातात परत दिला, घमेलं उचललं आणि तो भिंतीकडे गेला.