चोपन्न मण्यांची माळ

"जब तक सबके बयान नहीं होते, कोई गेट के बाहर नहीं जाएगा," पांढऱ्या गाडीतून चौकशीला उतरलेले सरकारी साहेब म्हणाले आणि त्यांच्या माणसाने फाटकाला आतून कडी घातली.

"साहब, मेरे को तीन बजे जाना है," वनमाला म्हणाली. तिच्या हातात डाळ घोटायची रवी तशीच होती.

"सबको जाना है दीदी. मुझे भी जाना है," साहेब म्हणाले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर वनमालाला बरं वाटलं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी पाणी मागितलं, पंखा लावायला सांगितलं आणि कागद काढले. फाटकाबाहेर दोन मोठ्या व्हॅन उभ्या होत्या. त्या कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

रायपूरजवळ माना कॅम्प या निर्वासितांच्या जुन्या छावणीच्या थोडं पुढे हे ख्रिस्ती सिस्टरांचं घर. तीन सिस्टर आणि तेवीस म्हाताऱ्या. कुणी स्टेशनच्या फलाटावर सापडलेली, कुणाला मुलाने देवदर्शनाला म्हणून आणून सोडलेलं, कुणी फार वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आलेली आणि मग कुठलीच न राहिलेली. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना इथे आंघोळ घालतात, जेवू घालतात आणि गेल्या की जिच्या-तिच्या धर्माप्रमाणे पोचवतात. मोठ्या सिस्टर मोनिका टोप्पो जशपूरकडच्या. बुटक्या, रबरी चपला घालून दिवसभर पळणाऱ्या. पाण्याचा पंप बिघडला की स्वतःच पकड घेऊन खाली बसायच्या. वनमाला इथे बारा वर्षं स्वयंपाक करत होती. नवरा बंडू सिलतऱ्याच्या कारखान्यात होता. तो गेला तेव्हा पदरात सात-आठ वर्षांची गंधाली होती, आणि दार उघडून 'या' म्हणणारं रायपुरात हे एकच घर निघालं.

आता त्याच गंधालीचं लग्न जमत होतं. मुलगा विशाल नव्या रायपुरात कंपनीत होता. घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. आज चार वाजता त्याची आई, रमाताई, घरी यायची होती. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. वनमाला कुठे काम करते असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "वृद्धाश्रमात." खोटं नव्हतं ते, पण नरो वा कुंजरो वा होतं. कुणाचा वृद्धाश्रम, हे त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. सिस्टरांचं नाव ऐकलं असतं तर बोलणी तिथेच थांबली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी कागदांतून एक फोटो काढला. कुणीतरी निनावी तक्रार केली होती की इथे हिंदू म्हाताऱ्यांना ख्रिस्ती करतात, आणि पुरावा म्हणून मोबाइलवर काढलेला हा फोटो जोडला होता. फोटोत खाटेवर बसलेली ठाकुमा होती आणि तिच्या हातात माळ होती.

वनमालाने लांबूनच फोटो पाहिला आणि माळ ओळखली. ती माळ तिनेच दिली होती.

ठाकुमा म्हणजे बंगालीत आजी; हिचं नाव सुरबाला मंडल. चौसष्ट साली पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याकडून नवी नवरी म्हणून माना कॅम्पात आलेली. मग ट्रकमध्ये घालून जंगलात वसवलेली, तिथून उठलेली, पुन्हा ट्रक. नवरा एका ठिकाणी गेला, मुलगा दुसऱ्या ठिकाणी. तिच्यापाशी शेवटी एक तुळशीची माळ तेवढी उरली होती, आणि तीही मागल्या वर्षी दवाखान्यात हरवली. तेव्हापासून बाईचे हात रिकामेच हवेत हलायचे. बोटं मणी शोधायची. वनमालाला ते बघवेना. बाजारात जाऊन माळ आणायची म्हणता म्हणता दोन आठवडे गेले, आणि एक दिवस प्रार्थनाघर झाडताना कोपऱ्यातल्या खोक्यात तुटक्या-जुन्या जपमाळा पडलेल्या दिसल्या. तिने एक उचलली. सिस्टरांच्या पंपाच्या पकडीने तिचं क्रूसाचं शेपूट कापलं, टोकं जोडली आणि मणी मोजले. चोपन्न. एकशे आठच्या बरोबर निम्मे! वनमालाला वाटलं, देवानेच हिशेब जुळवून ठेवलाय.

"ठाकुमा, दोनदा फिरवजो, मंग एक माळ झाली समज," ती म्हणाली होती. ठाकुमाने माळ कपाळाला लावली आणि 'हरि हरि' सुरू केलं. माळ कुठल्या धर्माची, याच्याशी तिला काय करायचं होतं? बोटांना मणी लागत होते.

साहेबांनी ठाकुमाच्या हातून माळ हळूच घेतली. दर दहा मण्यांनंतर एक सुटा मणी होता. "सिस्टर, ये आपकी रोज़री है ना?"

सिस्टर मोनिकांनी चष्मा वर करून पाहिलं. "मनका तो हमारा ही है. पर क्रूस नहीं है. हमने नहीं दिया, साहब."

"आपकी है, पर आपने नहीं दी."

"जी."

साहेब हसले. सिस्टरही हसल्या असत्या, इतकं ते खोटं वाटत होतं. मग साहेब ठाकुमाकडे वळले. "माताजी, ये माला किसने दी?"

ठाकुमाने सगळ्यांकडे पाहिलं. मग वनमालाकडे पाहिलं, चांगलं डोळ्यांत डोळे घालून. आणि म्हणाली, "हरि दिया."

"कौन हरि?"

"हरि, हरि," ती म्हणाली आणि हात पुढे केला. माळ परत द्या म्हणून.

वनमालाची पाळी आली तेव्हा अडीच वाजले होते. नाव, वय, किती वर्षं काम. कुणी जबरदस्ती केली का? "नाही साहब, मैं तो रोज गजानन महाराज की पोथी पढ़ के आती हूँ." आणि माळ? पदराखाली फोन थरथरत होता; गंधालीचा असणार.

"मले काही माहीत नाही," ती म्हणाली. मग हिंदीत पुन्हा, "मालूम नहीं साहब."

साहेबांनी लिहिलं. तिने सही केली. सिस्टर मोनिका दारातच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"जाइए, आपका हो गया," साहेब म्हणाले. कडी निघाली. तीनला पाच कमी होते. वनमालाने पिशवी घेतली आणि अंगणात येऊन फोन लावला.

"मम्मी, आप कहाँ हो? आंटी चार बजे आ रही हैं, और आपने साड़ी भी नहीं बदली होगी!"

"निघालीच बाई. येऊन राहिली."

ती फाटकाशी आली, तेवढ्यात व्हॅनची दारं मागून उघडली. साहेबांच्या माणसाने यादी वाचायला घेतली. माळेचा खुलासा होत नाही, म्हणून चौकशी संपेपर्यंत म्हाताऱ्यांना दुसरीकडे हलवायचं आणि इथे कुलूप. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते यादीत नव्हतं. आतून रडण्याचा आवाज आला. लहान सिस्टर कुणाच्या तरी गोळ्यांची डबी शोधत धावत होत्या. आणि या गोंधळात ठाकुमा एकटी, कुणी हाक मारायच्या आधीच, भिंतीला धरत व्हॅनकडे चालत आली. रडली नाही, भांडली नाही. पायरी उंच होती. तिने एक पाय वर टाकला आणि कुणीतरी ढकलेल म्हणून थांबून राहिली. तिला सवय होती.

वनमालाला वाटलं, आता आपण रिक्षात बसलो तर जन्मभर रिक्षातच बसून राहू. आणि नाही बसलो तर पोरीचा संसार आपल्या हाताने मोडू. दोन्हीकडून मरण. मुकाट निघून गेलेलं देवालाही कळलं नसतं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण देवाला तर सगळ्यात आधी कळलं असतं.

ती परत फिरली. ठाकुमाचा पाय पायरीवरून खाली घेतला, तिला कट्ट्यावर बसवलं आणि व्हरांड्यात गेली.

"साहब, मैंने झूठ लिखाया. माला मैंने दी."

मग तिने सगळं सांगितलं. खोकं, पकड, चोपन्न मणी. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"सबूत? कल कोई भी कहेगा कि सिस्टर ने तुमसे कहलवाया. वो काटा हुआ क्रॉस कहाँ है?"

"माह्या घरी हाये."

"घर में कहाँ?"

वनमालाने मान खाली घातली. "देव्हाऱ्यात. गजानन महाराजांच्या फोटोमागं."

सिस्टर मोनिकांचा हात तोंडावर गेला. "दीदी, तुमने क्रूस काटा?"

"हव शिष्टर. चुकलं माझं."

"फिर फेंका काहे नहीं?"

"देव कुठी फेकतेत काय शिष्टर?"

सिस्टरांनी वनमालाचा दंड धरून तिला बाजूला नेलं. "आज तुम्हारे घर मेहमान हैं ना? क्रूस लाने मत जाओ दीदी. हम लोग कहीं भी रह लेंगे."

"तुम्ही राहान शिष्टर. ठाकुमा नाही राहात आता," वनमाला म्हणाली. आपला आवाज चढला हे तिला कळलं, पण तो उतरवायची ताकद तिच्यात नव्हती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सोबतच्या शिपाईणीला हाक मारली. "पाँच बजे तक. रूपाली, साथ जाओ. गवाह के सामने निकालना, पंचनामा बनाना. तब तक गाड़ियाँ खड़ी रहेंगी."

शंकर नगरमागच्या तिच्या पाऱ्यात, तिच्या मोहल्ल्यात, पोलिसांची स्कूटी शिरली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. मागे बसलेली वनमाला दिसताच चार दारं उघडली. घरात रमाताई खुर्चीवर बसल्या होत्या. समोर मोतिया रंगाची पैठणी पसरलेली, तिचा पदर गंधालीच्या खांद्यावर टाकून त्या रंग पाहत होत्या. रविवारसाठी आणली होती. शिपाईण रूपाली आत येताच पदर तसाच थांबला.

"मम्मी, क्या हुआ? ये कौन हैं?"

वनमाला कुणाशी न बोलता देव्हाऱ्याशी गेली. चप्पल मात्र काढली. फोटोमागे हात घालून तिने तो बोटाच्या पेराएवढा क्रूस काढला. त्यावर कुंकू होतं. रोज पूजा करताना ती सगळ्यांना लावायची, मग यालाच कसं वगळणार?

रूपालीने तो प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि कागद भरला. "गवाह चाहिए. घर का नहीं चलेगा." दारातली माणसं एकेक करून मागे सरली. कुणाला गॅसवरचं दूध आठवलं, कुणाला काही आठवायचीही गरज पडली नाही. उघडी दारं बंद झाली.

"काय आहे हे?" रमाताईंनी विचारलं.

वनमालाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सिस्टरांचं घर, बारा वर्षं, माळ, व्हॅन, आणि "वृद्धाश्रम" म्हणून जे अर्धं सांगितलं होतं तेही. शेवटी म्हणाली, "सही नाही भेटली तं पाच वाजता त्या म्हाताऱ्यांले घेऊन जातेत. तुम्हाले सांगाचा मले काही हक्क नाही ताई. पण दुसरं कोणी उरलं नाही."

रमाताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि कागद मागितला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"इसमें लिखो, मेरे सामने निकाला. और कुंकू लगा हुआ था, वो भी लिखो," त्या रूपालीला म्हणाल्या. ते लिहून झाल्यावर त्यांनी सही केली, रमा यज्ञेश्वर खिरवडकर, पूर्ण नाव, खाली पत्ता.

रूपालीने फोन लावला. "सर, मिल गया. जी, गवाह के साथ. जी." फोन ठेवून ती वनमालाला म्हणाली, "गाड़ियाँ वापस जा रही हैं दीदी. पर आपको कल थाने आना पड़ेगा. पहला बयान झूठा था ना." आणि ती निघून गेली.

वनमालाला रडू आलं ते कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"खरं होतं म्हणून सही केली," रमाताई म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. "तुमच्या जागी मी असते तर परत फिरले असते का, मले नाही माहीत. पण ताई, हे मले पहिले सांगाचं होतं. आता हा कागद गावभर फिरेल. आमच्या घरी मी एकटी नाही ना. विशालचे बाबा आहेत, तीन काका आहेत. माझ्यानं नाही होणार."

"हव," वनमाला म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गंधालीने खांद्यावरचा पदर उतरवला. पैठणी उचलून ती पलंगापाशी गेली. आधीच्या घडीच्या रेघा बघून बघून, काठाला काठ लावून तिने साडीची घडी घातली, हात फिरवून सपाट केली, दुकानाच्या पिशवीत ठेवली आणि रमाताईंपुढे धरली.

"घडी मोडली नाही, काकू. देख लीजिए."

रमाताईंनी न बघताच पिशवी घेतली आणि दारात जाऊन चपला शोधू लागल्या. चपला त्यांच्या समोरच होत्या.