गिरणीच्या पुलावरची काळी टाचणी

मित्रांनो, लोमॅक्सच्या बंबखान्यात फोनच्या टेबलामागे भिंतीवर जो पिवळा पडलेला मोठा कागद दिसतो, तो मी. बर्डेल काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, नकाशा. माझं वय एकेचाळीस. एका मोजणीदाराने मला हाताने काढलं आणि पाठीला कापड चिकटवलं, म्हणून अजून फाटलो नाही.

माझ्या मधोमध विलो नदी आहे. नदीच्या दक्षिणेला लोमॅक्स. तिथे कचेरी, धान्याचं कोठार आणि हा बंबखाना. पश्चिमेला जर्मनांचं फ्रीडहाइम. नदीपलीकडे चेक लोकांचं ह्रादेक आणि तिथून तीन मैलांवर डेन लोकांचं नीबोर्ग. या दोन गावांची चर्च वेगळी, दफनभूमी वेगळी, आणि कोणाचा पाव चांगला यावर भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. बाकी सगळं गवत. एवढ्या मुलखाला आगीचे बंब दोन. बंबावर जाणारे शेतकरी आणि दुकानदार, पगारी कोणी नाही.

माझ्यासमोर सव्वीस वर्षं ओपल टेगेलर बसली. मदतीचा फोन आला की ती उचलायची. तिचा नवरा मर्ल बंबवाल्यांचा प्रमुख. ओपलने मला टाचण्या लावल्या. लाल टाचणी म्हणजे त्या घरात स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणारं माणूस आहे. निळी म्हणजे तिथे ट्रॅक्टर आणि नांगर आहे, आग लागली तर हा शेतकरी धावून येईल. काळी म्हणजे रस्ता किंवा पूल बंद. लाल टाचणीचं माणूस वारलं की दफनानंतरचं जेवण उरकून ओपल थेट इथे यायची, टाचणी काढून काचेच्या बरणीत टाकायची आणि म्हणायची, "झोप आता."

बाहेरगावचे बंबवाले मला बघायला यायचे. म्हणायचे, असा नकाशा आमच्याकडे हवा.

मग ओपलची फुप्फुसं थकली. नाकात नळी आली. एके दिवशी तिने स्वतःच्याच घरावर लाल टाचणी लावली.

"काढ ती," मर्ल म्हणाला.

"का? नियम सगळ्यांना सारखा, बाबा."

फेब्रुवारीत ती गेली. जेवणानंतर मर्ल एकटा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याची बोटं त्या लाल टाचणीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मग त्याने हात खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना बजावलं, "नकाशाला कोणी हात लावायचा नाही."

कोणी लावला नाही.

मार्चमध्ये नदीवरचं बर्फ फुटलं आणि ह्रादेककडे नेणाऱ्या गिरणीच्या पुलाचा खांब घेऊन गेलं. रस्त्यांचं काम बघणारा ड्वेन सांगायला आला. "मर्ल, पूल बंद केलाय. काळी टाचणी लाव."

"बघतो नंतर."

ड्वेनने स्वतःच बरणीकडे हात नेला.

"म्हटलं ना, बघतो."

मर्ल माझ्याकडेच बघत होता, पण एकाच जागी. पुलाची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलीच नाही.

एप्रिलमधली ती दुपार. वारा एवढा की बंबखान्याचं दार धरून ठेवावं लागत होतं. ओपलच्या जागी आलेली जोलीन फोनवर होती. ह्रादेकच्या पश्चिमेला गवत पेटलं होतं, आणि आगीच्या वाटेवर एक लाल टाचणी होती. लिब्बी कुचेरा, वय ब्याऐंशी, पाय गेलेले, प्राणवायूच्या सिलिंडरवर.

मर्लने माझ्यावर नजर टाकली. "गिरणीच्या पुलावरून अकरा मिनिटं," तो म्हणाला आणि दोन्ही बंब घेऊन निघाला.

मला तोंड नाही, मित्रांनो. ते पुलाच्या दिशेने जात राहिले आणि मी भिंतीवर टांगलेला होतो.

मग रेडिओ खरखरला. "जोलीन, पूल बंद आहे." मर्लचा आवाज होता. "ड्वेनने मला सांगितलं होतं. मी विसरलो. महामार्गाने वळसा घालतो. अजून अर्धा तास."

लिब्बीपासून आग दीड मैलावर होती. जोलीनने लिब्बीला फोन लावला. कोणी उचलला नाही. मग ती वळली आणि बोट टेकवून मला वाचू लागली. लाल टाचणीच्या सगळ्यात जवळची निळी टाचणी नीबोर्गच्या आयनार योर्गेनची होती.

"आयनारकाका, लिब्बी कुचेराच्या घराकडे आग चाललीय."

"कोण, माझ्या कुत्र्याला दगड मारते ती?"

"काका."

"अगं, बूट घालतोय. भावाला नांगर घेऊन पाठवतो."

नंतरची अठरा मिनिटं जोलीन खुर्चीत बसली नाही. टेबलाची कड धरून उभी होती. फोन वाजला तेव्हा तिने तो पाडता पाडता उचलला.

"आजी गाडीत आहे," आयनार खोकत म्हणाला. "सिलिंडरपण आणलाय. मला शिव्या देतेय, म्हणजे श्वास बरा आहे."

मागून लिब्बीचा आवाज आला, "सांग त्यांना, डेन माणसाच्या गाडीत मी हे शेवटचं बसतेय."

बंब पोचले तेव्हा लिब्बीच्या घराचं छप्पर खाली आलं होतं. आयनारच्या भावाने नांगरलेल्या पट्ट्यापाशी आग थांबली, म्हणून ह्रादेक वाचलं.

संध्याकाळी मर्ल आला. तोंड काळं, भुवया जळलेल्या. त्याने बरणीतून काळी टाचणी काढली आणि गिरणीच्या पुलावर लावली. मग लोमॅक्सच्या पूर्वेला, स्वतःच्या घरावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथे होतं. त्याने लाल टाचणी उपटली.

"झोप आता," तो म्हणाला. बरणीत टाचणी पडल्याचा आवाज झाला.

जाताना तो जोलीनला म्हणाला, "उद्यापासून टाचण्या तू लाव. मला विचारत बसू नकोस."

मित्रांनो, हात न लावणं म्हणजे जपणं, असं मर्लला वाटलं होतं. मला जपायचं तर हात लावावा लागतो. पूल पडला की त्याच दिवशी मला सांगा. माणूस गेलं की त्याची टाचणी काढा, कितीही जड गेलं तरी. भोक राहतं, ते राहू द्या. माझ्या अंगावर लोमॅक्सच्या पूर्वेला तसं एक आहे. मर्ल रोज सकाळी आला की आधी तिकडे बघतो, आणि मग काळ्या टाचण्यांकडे.