सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल

चाळीस वर्षं मी शिलाई मशिनं दुरुस्त केली. माझ्या हातून गेलेलं मशीन कुरकुरत परत आलं, असं एकदाही झालं नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या, आहेच ती. म्हणूनच सुनेच्या छोट्या आगगाडीच्या चाकांना तेल द्यायची वेळ आली आणि तिने घरात बसलेल्या मला विचारलंसुद्धा नाही, तेव्हा माझं डोकं फिरलं.

सून दवाखान्यात एक्स-रे काढते आणि उरलेल्या वेळात छोटी आगगाडी चालवते. तिला खेळणं म्हटलेलं खपत नाही. तळहातावर मावेल एवढं इंजिन, मागे आठ डबे, चार फळ्यांवर रूळ, एक बोगदा आणि चढावरचा पूल, सगळं तिने स्वतः केलेलं. अशा गाड्यांचा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यात ती एकटीच बाई. तीन वर्षं प्रदर्शनात तिची गाडी जिन्याखालच्या कोपऱ्यात मांडली गेली. मधल्या टेबलावर जागा हवी तर परीक्षा द्यावी लागते: आठ डबे जोडून पन्नास फेऱ्या, आणि मध्ये गाडीला बोटही लावायचं नाही. यंदा तिने परीक्षेला नाव दिलं होतं. शनिवारी परीक्षा, रविवारी प्रदर्शन.

शुक्रवारी दुपारी ती कामावर गेली आणि मी तेलाची बुदली काढली. शिलाई मशीनला तेल म्हणजे जेवण. सढळ हाताने घालायचं, मशीन रिकामं पळवायचं, जादा तेल चिंधीवर उतरू द्यायचं. मी इंजिन उलटं केलं, दिसेल त्या फटीत तेल सोडलं. डब्यांनाही उपाशी ठेवलं नाही. मग बटण फिरवून नुसतं इंजिन दहा फेऱ्या पळवलं. काय सुंदर पळालं! सुनेला उद्या कळेल, सासू काय चीज आहे ते, असं म्हणत मी चहा टाकला. तिला सांगितलं काहीच नाही.

शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये सेक्रेटरी फेऱ्या मोजायला बसले. ते गणिताचे निवृत्त मास्तर. चेहरा असा, की कायम उत्तरपत्रिका तपासतायत. दहा फेऱ्या ठीक गेल्या. अकराव्या फेरीला गाडी पुलाच्या चढावर अडखळली. इंजिनाचा दिवा मिचमिचला, चाकं जागच्या जागी गरगरली आणि सगळं थांबलं.

सुनेने इंजिन उचललं, उलटं केलं, चाकावरून बोट फिरवलं. बोट काळं आणि चकचकीत झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाली, "माझी चूक झाली. तेल जास्त पडलं."

तिने आदल्या दिवशी सकाळीच चाकं लख्ख पुसून ठेवली होती, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिच्या मागे लपणं मला जमेना.

"तिची काही चूक नाही," मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तेल मी घातलं. न विचारता."

सेक्रेटरींनी चष्मा वर केला, घड्याळ पाहिलं. "दोनला टेबलं लावायला घेणार. तोवर एकदा आणखी चालवून बघा."

आम्ही खिडकीजवळ बसलो. "अगं, पण तेलाने बिघडलं कसं?" मी विचारलं.

"आई, वीज रुळातून चाकात येते आणि चाकातून मोटरीत. मध्ये तेल आलं की वीज अडते. त्यावर धूळ बसली की काळा मळ होतो. आणि चढावर चाक घसरतं ते वेगळंच."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी पिशवीतलं मऊ सुती कापड काढलं. तिने ते स्पिरिटमध्ये भिजवून रुळांवर आडवं टाकलं. इंजिनाची पुढची चाकं कापडावर, मागची उघड्या रुळावर. वीज सोडली की पुढची चाकं कापडावर गरगर फिरत आणि काळ्या रेघा उठत. मग इंजिन फिरवून मागची चाकं. रेघा उठायच्या थांबल्या तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

डबे माझ्याकडे होते. आठ डबे, चौसष्ट चाकं. एकाचा मळ हटेना म्हणून मी म्हटलं, "पॉलिश पेपर मारू?"

"मुळीच नाही. चरे पडतील आणि चऱ्यांत मळ बसेल. स्पिरिटच लावा, आणि धीर धरा."

मला धीर धरायला सांगणारी ही पहिलीच. मी धरला. तोवर तिने सगळे रूळ पुसून काढले, बोगद्यातले बोटाला कापड गुंडाळून. शेवटी तिने माझ्याकडून सगळ्यात बारीक सुई मागितली, टोक तेलात बुडवलं आणि आसाच्या टोकाला नुसतं टेकवलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"हेही जास्तच आहे."

बाकीची टोकं तिने मला करू दिली. माझा हात एकदाही हलला नाही, हे मात्र सांगायलाच हवं.

दीड वाजता गाडी पुन्हा सुटली. अकरावी फेरी गेली, विसावी गेली. अडतिसाव्या फेरीला शेवटचा डबा पुलावर डुगडुगला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. सुनेने माझं मनगट घट्ट पकडलं. डबा डुगडुगत पलीकडे गेला. पन्नासावी फेरी पुरी झाली तेव्हा हॉलमधली सगळी माणसं आमच्या टेबलाभोवती उभी होती. सेक्रेटरींनी वहीत खूण केली आणि स्वतःच्या हाताने तिच्या फळ्यांचं एक टोक उचललं, मधल्या टेबलाकडे न्यायला. माझा ऊर असा भरून आला, की माझी मशिनं मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाहीत.

थोड्या वेळाने सेक्रेटरी परत आले ते एक डबी घेऊन. आत त्यांचं जुनं इंजिन होतं. त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत, असं शेजारचे गृहस्थ माझ्या कानात कुजबुजले. सेक्रेटरींनी डबी माझ्यापुढे ठेवली.

"बाई, तुमचा हात पाहिला मी. याची चाकं तुम्हीच साफ करा."

चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं की मी आधी मान ताठ करायचे आणि मग होकार द्यायचे. मी डबी सुनेपुढे सरकवली.

"हिला विचारा," मी म्हणाले. "मी हिच्या हाताखाली आहे. अजून शिकतेय."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने इंजिन उलटं केलं, एकेक चाक नीट पाहिलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"करा सुरू," ती म्हणाली. "मी बघते."