ध्येयाखालची ओळ

नेब्रास्कातल्या त्या शाळेत आरोग्याच्या तासाचे, विद्यार्थ्यांनी पाळायचे नियम सांगणारे अपेक्षापत्र पालकांच्या सहीनिशी परत करावे लागे. त्याच्या तळाशी विद्यार्थ्याने स्वतःचे एक ध्येय लिहावे, असा बाईंचा परिपाठ होता. मारेनने संकोचत लिहिले : 'आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या सोबतीने जेवणे.'

आईच्या पश्चात तिचे वडील ओरिन लांब पल्ल्याचा ट्रक चालवीत आणि आठवडाभर घराबाहेर असत. सोमवारी सकाळी निघता निघता त्यांनी खिडकीतून हात पुढे केला.

"कुठे करू सही?"

"आधी वाचा तरी, बाबा."

"त्यात काय वाचायचं? दात घासा, वेळेवर झोपा. बाईंना सांग, तुझा बाप दोन्ही विसरलाय."

ते कागद मांडीवर घेऊन ओणवले. सहीला लागावा त्याहून अंमळ अधिक वेळ गेला. मग कागदाची घडी तिच्या हाती देऊन ते मार्गस्थ झाले.

वर्गात बाईंनी घडी उलगडली आणि कागद मारेनपुढे ठेवला. ध्येयाखाली वडिलांचे वाकडे अक्षर होते : 'रविवारी, सहा वाजता. पॅनकेक मी करीन.'

मारेनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सोमवारचे अवघे साडेनऊ वाजले होते.