शेवटचे तीन आकडे

कॅमेरे चौदा. बारा जंगलातल्या बोड्यांवर, म्हणजे पाणवठ्यांवर, दोन नाक्यांवर. प्रत्येक कॅमेऱ्याचे इंटरनेटवरचे पत्ते दोन, एक जुन्या प्रोटोकॉलचा आणि एक नव्याचा. राउटरमध्ये बाहेरच्यांना अडवणारे नियम एकेचाळीस, तेही सगळे जुन्या पत्त्यांसाठी. नव्यांसाठी नियम शून्य.

रीतानं पुन्हा मोजलं. शून्य ते शून्यच.

चिमूरजवळच्या वाघ-अभ्यास केंद्राचं जाळं ती आणि प्रणित मिळून सांभाळत. जुन्या पद्धतीत चौदाही कॅमेरे एकाच सामाईक पत्त्याआड दडलेले असत. बाहेरच्याला केंद्राचं दार दिसे, आतलं कोणी दिसत नसे. नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला जगात कुठूनही गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळाला. महिन्याभरापूर्वी हा बदल झाला, चित्रं झरझर येऊ लागली, सगळे खूश झाले आणि नियमांचं नाव कोणी काढलं नाही.

ती रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापाशी गेली, केंद्राच्या जाळ्याबाहेर पडायला मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि एक पत्ता टाइप केला. शेवटी २१२. पडद्यावर बोडी उघडली. पासवर्ड नव्हताच, आपल्याच घरात कुलूप कशाला, म्हणून कोणी लावला नव्हता. वाघीण पाण्यात बूड टेकून बसली होती आणि पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. पानठेलेवाला वाकून पाहू लागला, तसा तिनं मोबाइल उलटा धरला.

प्रणितनं सगळं ऐकून घेतलं, पण तो खुर्चीतून हलला नाही. नवे पत्ते इतके अफाट आहेत, की एकेक करून शोधणाऱ्याचा जन्म सरेल, असं त्याचं म्हणणं. हिशेब बरोबरच होता.

"शोधाले लागतेच कुठी?" रीता म्हणाली. "शेवटचे आकडे पाह्य ना."

ते आकडे मुखरूभाऊंच्या हट्टापायी पडले होते. मुखरूभाऊ जुने वनमजूर; कॅमेऱ्यांची साफसफाई त्यांच्याकडे. जंगलाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे कक्षाला, नंबर असतो, आणि इथला माणूस बोडी, वणवा, वाघ, सगळ्याचा ठावठिकाणा कक्षाच्या नंबरानंच सांगतो. "तो अजगरावानी लांब आकडा मले नोका सांगू," ते म्हणाले होते. "दोनशे बारा म्हना, मी पोचलोच समजा." सगळे हसले आणि प्रणितनं हौसेनं प्रत्येक पत्त्याच्या शेवटी कक्षाचा नंबर घातला. पत्त्याचा पुढचा भाग केंद्रातून कुठलंही संकेतस्थळ उघडलं की तिथं उमटतोच. उरलेल्या भागासाठी कक्षांचा नकाशा पुरे, आणि तो तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला.

रीतानं राउटरमधली ये-जा तपासली. बाहेरच्या एका अनोळखी ठिकाणाहून कोणीतरी आधी २०९ उघडून पाहिला होता. मग २१०, मग २११, मग २१२. तिथं तो थांबला. त्यानंतर रोज दिवस कलताना यायचा आणि फक्त २१२ पाहायचा.

"असंन एखादा हौशी," प्रणित म्हणाला, पण आता तो उभा होता.

"हौशी बाकीचे बोड्या पाह्यल्याबिगर राह्यला असता काय?"

बाहेरची जोडणी तोडण्याआधी त्याला नागपूरच्या साहेबांना विचारायचं होतं. तीन महिने चित्रण सलग नागपूरला जात होतं, त्यात खंड पडला तर पिल्लांचा सगळा अभ्यास लंगडा पडणार. साहेबांचा फोन लागेना. रीताची नजर सारखी खिडकीबाहेर जात होती. ऊन अजून डोक्यावरून ढळायचं होतं, पण ढळणार होतं. दुसऱ्यांदाही फोन लागला नाही, तेव्हा तिनं उठून राउटरची बाहेरची वायर उपटली.

"सायबाले काय सांगू?"

"रीतानं काढली म्हणून सांग."

मग तिनं मुखरूभाऊंना फोन केला. ते नाक्यावर भाकर खात होते. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्याच नंबरानं वाट दावली त्यायले."

"ते मंग बोलू, भाऊ. आत्ता २१२ ले जा. एकटे नोका जाऊ, वाघीण तिथीच आहे."

दोन वनरक्षक सोबत घेऊन ते निघाले. पुढं त्यांचा मोबाइल लागणार नव्हता. रीता नियम लिहीत बसली. दोन ओळी लिहायची, एक खोडायची, उठून दारापर्यंत जाऊन यायची. प्रणित पत्ते बदलत होता; कक्षांचे नंबर पुसून त्या जागी कुठलेही, अर्थ नसलेले आकडे. डब्याला दोघांनीही हात लावला नाही. नियम झाले, वायर परत जोडली, आणि रीतानं पानठेल्यापाशी जाऊन नवे पत्ते एकेक करून उघडून पाहिले. चौदांपैकी एकही उघडला नाही. तरी तिचा अंगठा पुन्हा पहिल्या पत्त्याकडेच जात होता.

ऊन कललं तेव्हा नाक्यावर परतलेल्या मुखरूभाऊंचा फोन आला. त्यांना दम लागला होता. मोजमाप एका वनरक्षकानं वाचून दाखवलं.

कक्ष २१२. तारेचे फासे दोन. पाण्यापासून अंतर नऊ मीटर. तार नवी, गंज नाही. दोन्ही फासे रिकामे.