आमशाच्या सुऱ्या

खापरच्या बाजारात लालचंदचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. दुकानामागच्या घरात भिंतीतलं एक कपाट होतं आणि त्या कपाटात सुऱ्या होत्या. जैनाच्या घरात सुऱ्यांचं कपाट म्हणजे गावाला हसायला कारणच. पाहुणे आले की विचारत, हे काय मांडून ठेवलंय? लालचंद शांतपणे सांगे, माझ्या सुऱ्यांनी आजवर मुंगीदेखील कापलेली नाही. आणि ते खरंच होतं. त्यांनी काहीच कापलेलं नव्हतं.

पहिली सोडली तर सगळ्या सुऱ्या डोंगरातल्या मोहपाड्यावरच्या आमशा भिलाच्या हातच्या होत्या. पाड्याचं लोहारकाम आधी आमशाचा बाप जान्या करी, मग आमशा करू लागला. जान्याने एकदा मिठाच्या बदल्यात एक सुरी दुकानात पुढे केली होती. लालचंदच्या वडिलांनी हात जोडून नको म्हटलं, पण गल्ल्याशेजारी बसलेल्या तरण्या लालचंदची नजर त्या पात्यावरून हलेना. पाठीमागून जाऊन त्याने ती मागून घेतली. पुढे जान्या गेला आणि दर होळीच्या बाजाराला आमशा एक नवी सुरी आणू लागला. कधी गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव ठोकून केलेली, कधी लालचंदनेच नंदुरबारहून आणून दिलेल्या मोडक्या कानशीची. मूठ कधी शिसमाची, कधी बांबूच्या गड्ड्याची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लालचंद एकेक सुरी बाहेर काढी, तिळाच्या तेलाचं बोट पात्यावरून फिरवी आणि उजेडात धरून पाहत बसे.

त्याची बायको कंचनबाई या सुऱ्यांना सवती म्हणे. पण जुन्या लुगड्यांच्या काठांतून प्रत्येक सुरीला पिशवी तिनेच शिवली होती. त्यांची एकुलती मुलगी शहाद्याला दिलेली, घरात दोघंच. कंचनबाईने लग्न होऊन आल्यापासून घराच्या गच्चीवरून सातपुडा रोज पाहिला होता. तिथे पाऊल मात्र कधी ठेवलं नव्हतं.

एका पौषात, होळी अजून लांब असताना, आमशा दुकानात आला. हात रिकामे, अंगावरचं धोतर काजळीने माखलेलं. तो पायरीवर बसला. कंचनबाईने आतून गुळाचं पाणी आणून दिलं, तेव्हा त्याने सांगायला सुरुवात केली. चुलीची ठिणगी गवती छपराला लागली होती. वारा होता. एका घरावरून दुसऱ्यावर असं करत सगळा पाडा गेला. माणसं वाचली, ढोरं वाचली. यंदा सुरी होणार नाही एवढं शेठला सांगून जावं म्हणून तो उतरून आला होता. बाजारात तो अहिराणीतच बोले.

"समदं बळी गयं, शेठ. सुऱ्या राखमां सापडन्यात, पन त्यासनं पानी उतरी गयं."

लालचंदला ते समजलं. आगीत पडलेल्या पोलादाचं पाणी उतरतं, धार धरत नाही. पुन्हा पाणी द्यावं तर आमशाचा चामडी भाताही जळून गेलेला. रानात गेलेल्यांच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्या म्हणून त्या तेवढ्या उरल्या. बांबू तोडता येत होता. पण त्याच्या कामट्या काढून कुडाच्या भिंती विणायच्या कशाने? लेकरं शेकोटीपाशी उघड्यावर निजत होती. आमशाने काही मागितलं नाही. लालचंदने ज्वारी दिली, घोंगड्या दिल्या, आणि आमशा त्या पाठीवर बांधून निघून गेला.

त्या संध्याकाळी लालचंद जेवायला बसला. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं घर ते, आणि ताट तसंच पुढ्यात. कपाटाकडे बघायचं तो टाळत होता. शेवटी आपणहूनच म्हणाला की सुऱ्या दिल्या असत्या, पण आज बांबू कापतील ते उद्या कोंबडं कापतील, आणि ते पाप कुणाच्या माथी? कंचनबाईने त्याला बोलू दिलं. ते सगळंच खोटं नव्हतं, हे तिला माहीत होतं. सगळंच खरं नव्हतं, हेही.

मग ती म्हणाली, "पिशव्या शिवताना मला वाटायचं, कधीतरी तुम्ही त्या कमरेला लावून रानात निघाल. आणि मलाही चल म्हणाल."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. लालचंद उठला आणि त्याने कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बैलगाडीने डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि तिथून पायवाटेने चढली. सुऱ्यांचं गाठोडं लालचंदने कुणाला धरू दिलं नाही. कंचनबाई पुढे चालत होती, थांबून थांबून झाडांची नावं विचारत होती, आणि लालचंदला एकही सांगता येत नव्हतं.

पाड्यावर काळी जोती तेवढी उरली होती. लालचंदने घोंगडी अंथरली आणि पिशव्यांतून सुऱ्या काढून ओळीने मांडल्या. बायामाणसं भोवती जमली. आमशा उकिडवा बसला. त्याने एक उचलली, फिरवली, ठेवली, दुसरी उचलली. ही थोरल्या लेकीच्या जन्माच्या साली केलेली. हिला घण मारताना बोट चेचलं होतं. हिची मूठ त्याच्या बायकोने घासली होती, ती आता नाही. त्याने आयुष्यभर सुऱ्या केल्या होत्या, पण पाड्यावरच्या सगळ्या वापरून वापरून काडीएवढ्या झालेल्या आणि शेवटी फेकलेल्या. आपलं सगळं काम असं एका जागी तो पहिल्यांदाच बघत होता. शेवटची सुरी, सगळ्यांत जुनी, त्याने दोन्ही हातांत घेतली.

"हाऊ मन्हा बापना हात शे," तो म्हणाला.

ती सुरी त्याने मांडीखाली ठेवली, बाकीच्या वाटल्या. काम सुरू झालं. एका बाईने पातं बांबूच्या तोंडावर टेकवून वरून दगड हाणला. हिरवा रस तेल लावलेल्या पात्यावर ओघळला. थोड्या वेळाने एका सुरीचं टोक उडालं. जिच्या हातून उडालं ती पोर भिऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लालचंदने तुटकं टोक वेचलं, धोतराच्या सोग्यात बांधलं आणि तिला खुणेने सांगितलं की जा, अजून पुष्कळ कापते ती. मग स्वतःच एक सुरी घेऊन बसला. मूठ हातात घट्ट बसली. इतकी वर्षं त्याने ती फक्त दोन बोटांनी धरली होती. त्याच्या कामट्या वाकड्यातिकड्या निघाल्या, अंगठा कापला. कंचनबाईने पदराची चिंधी फाडून बांधली आणि हसली. पाड्यावरच्या बायाही हसल्या.

निघताना लालचंदने आमशाला बापाची सुरी ठेवून घ्यायला सांगितलं. आमशाने ती पुसली आणि परत पुढे केली.

"मन्हाकडे ऱ्हायनी ते झिजी जाई, शेठ. तुमनाकडे ऱ्हाऊ द्या. मी देखाले येत जासू."

म्हणून तेवढी एक कपाटात परतली. बाकीच्या डोंगरातच राहिल्या. घरं उभी झाल्यावर पाड्याने देवाला बोकड दिला, हे लालचंदला बाजारात कळलं. त्याने काही विचारलं नाही. सांगितलं आमशानेच, पुढच्या खेपेला, मीठ घेता घेता. बोकड द्यायच्या दिवशी सकाळीच त्याने घरोघर फिरून शेठच्या सुऱ्या गोळा केल्या होत्या आणि टोपलीखाली झाकून ठेवल्या होत्या. बोकडाला कुऱ्हाडच वापरली. लालचंदने मीठ तोलायचा तराजू खाली ठेवला.

होळीच्या बाजाराला आमशा नव्या भात्यावरची पहिली सुरी घेऊन आला. ती त्याने लालचंदपुढे नाही, कंचनबाईपुढे ठेवली. छोटी होती, बाईच्या हाताची. कंचनबाईने लगेच आत जाऊन पपई आणली, पायरीवर बसून चिरली, पहिली फोड आमशाला दिली, दुसरी नवऱ्याला. पातं रसाने पिवळं झालं होतं. ते तिने पदराला पुसलं, सुरी कमरेला खोचली, आणि मोहपाड्याला पुन्हा कधी जायचं ते आमशालाच विचारलं.