घोडा परत येतो

स्तामेनने कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला, घसा साफ केला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचण्याआधी चोरून नजरेखालून घातला. त्याला भीती होती तेच झाले होते. घोडा विकला गेला होता. आजोबा रिकामा लगाम हातात घेऊन बाजारातून चालत परतले होते, आणि गोष्ट सांगणारा नातू त्या घोड्याला पुन्हा कधीच पाहणार नव्हता.

टेबलापलीकडे त्याची मुलगी क्रेमेना तळहातावर हनुवटी टेकवून ऐकत होती. तेरा वर्षांची, कपाळ थेट आईचे.

"मग?"

"मग..." स्तामेनने कागदावर बोट ठेवले. "'पण पहाटे अंगणात टापा वाजल्या. खिडकीतून पाहतो तर घोडा फाटकाशी उभा. दोरी तोडून आला होता लेकाचा.'"

"'लेकाचा' असं लिहिलंय?"

"लिहिलंय म्हणून तर वाचतोय ना! लेखक लोक काय, काहीही लिहितात."

क्रेमेनाने पेन्सिल उचलली आणि ती लिहायला लागली.

सातवीच्या परीक्षेत मुलांना एक अनोळखी गोष्ट दोनदा वाचून दाखवतात. ती कान देऊन ऐकायची आणि मग तटस्थ निवेदक होऊन पुन्हा लिहायची. गोष्टीतला 'मी' लिहिताना 'तो' होतो, बाकी सगळे तसेच राहते. ऐकलेले गाळायचे नाही आणि पदरचे घालायचे नाही. जिल्ह्याच्या लवेच शहरातल्या परकीय भाषांच्या शाळेत कोण जाणार आणि कोण इथे त्रोयानमध्येच राहणार, हे बरेचसे याच प्रश्नावर ठरते. क्रेमेनाला ती शाळा हवी होती, आणि तिला दुसरे काहीच नको होते. म्हणून भाषेच्या शिक्षिका नेद्याल्काबाई दर शुक्रवारी मुलांबरोबर एक छापील उतारा घरी पाठवत. इतर घरांत तो आया वाचून दाखवत. स्तामेनच्या फाटकावर मात्र, तिथल्या रीतीप्रमाणे, त्याच्या वारलेल्या बायकोचा, इस्क्राचा, फोटो छापलेला दुसऱ्या स्मृतिदिनाचा कागद लावलेला होता. तो त्याने स्वतःच चिकटवला, आणि तेव्हापासून तो नजरेस पडू नये म्हणून स्तामेन गॅरेजच्या दाराने ये-जा करत होता.

उतारे बदलायचे असे त्याने काही ठरवले नव्हते. पहिल्याच गोष्टीत एक आजी मरत होती आणि त्या वाक्याशी त्याची जीभ अडली. त्याने आजीला बरे करून टाकले. पुढच्या शुक्रवारी बुडालेली होडी किनाऱ्याला लागली. पहाटे चारपासून दुपारपर्यंत गावोगाव पाव पोहोचवणाऱ्या माणसाला संध्याकाळी एवढे तर करता यावे, असे त्याला वाटे. आणि या परीक्षावाल्यांना एक गोष्ट धड संपवता येऊ नये, याचा त्याला मनापासून राग होता.

बुधवारी बाईंनी त्याला शाळेत बोलावले. पहिल्या बाकावर बसताना त्याचे गुडघे आत मावेनात. बाईंनी त्यालाही शिकवले होते, त्यामुळे त्या त्याला अजून अरेतुरेच करत.

"तुझ्या मुलीनं महिन्याभरात एक आजी वाचवली, एक होडी बाहेर काढली आणि आता हा घोडा," बाई म्हणाल्या. "वर्गात मी वाचते तेव्हा तिचा एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. घरून लिहून आणते तेव्हाच सगळे उठून बसतात. घरी वाचतं कोण?"

स्तामेनने टोपी गुडघ्यावर फिरवली.

"मीच."

"वाटलंच मला. तू सातवीत होतास तेव्हाही पदरचंच लिहायचास."

त्या उठल्या आणि त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. निवेदक, पात्र, संघर्ष, शेवट.

"सांग."

"बाई, चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी."

"मग तर यायलाच हवं."

"निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. पात्र म्हणजे... ज्याच्यावर बेतते तो. संघर्ष म्हणजे भांडण."

"भांडण नव्हे रे. माणसाला हवं असतं एक आणि पुढ्यात येतं भलतंच, तो संघर्ष. आणि शेवट?"

बाईंनी खडू खाली ठेवला.

"घोडा परत येणार असेल तर आजोबा बाजारात त्याच्या गळ्यात पडून का रडले? शेवट बदललास की आधीचं सगळं लटकं ठरतं. त्याचेच गुण जातात. तीसपैकी अकरा मिळालेत तिला. परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय, स्तामेन. अकरावर लवेचला कुणी उभंही करत नाही."

"एकच पोर आहे, बाई. तिला सारखं सारखं मेलेलं काय ऐकवायचं?"

"तिला की तुला?"

बोलून गेल्यावर बाईंना वाईट वाटले. इस्क्राच्या अंत्यविधीला त्या चर्चमध्ये त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"या शुक्रवारचा उतारा अवघड आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधीच सांगते. पण आहे तसा वाच."

शुक्रवारी संध्याकाळी खिडकी उघडी होती आणि रस्त्यावरच्या लिंडनच्या झाडांचा वास घरात आला होता. स्तामेनने वाचायला सुरुवात केली. या वेळी तो नजरेने पुढे धावला नाही. गोष्टीतली मुलगी रोज बसथांब्यावर जात होती. तिची आई शहरातल्या इस्पितळात होती आणि बरी झाली की बसने येणार होती. मुलगी थांब्यावरच्या कुत्र्याला पाव घालायची, येणाऱ्या बस मोजायची.

"'शनिवारी शेवटची बस आली,'" स्तामेन वाचत होता. "'दार उघडलं. ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या हातात आईची पिशवी होती.'"

तो थांबला. 'आणि त्याच्या मागोमाग आई उतरली' हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होते. एवढे एकच वाक्य घातले की झाले. त्याने क्रेमेनाकडे पाहिले. ती पेन्सिल हातात धरून त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत त्याला अपेक्षित होती तशी भीती नव्हती.

"'तो काही बोलला नाही,'" स्तामेनने वाचले. त्याचा आवाज चिरकला, तसाच त्याने तो पुढे रेटला. "'मी पिशवी घेतली आणि घरी आले.'"

बाहेरून एक सायकल गेली.

"संपली," तो म्हणाला. "पुढे काही नाही."

"माहितेय. मी दुपारीच वाचली. दप्तरातच असतो ना कागद."

"हाच वाचलास?"

"सगळेच वाचते. घोड्याचापण."

स्तामेन ताडकन उभा राहिला.

"मग तसं का लिहिलंस? अकरा गुण, क्रेमेना! शाळा हातची गेली असती!"

"तू वाचायचास तेच मी लिहायचे." ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत म्हणाली. "लिहून झालं की तू माझा कागद बघायचास. घोडा आलेला बघून तुला किती बरं वाटायचं, बाबा."

तो पुन्हा खाली बसला. काहीतरी बोलायला हवे होते म्हणून तो बोलला.

"आईच्या वेळीही मी असंच... ईस्टरला घरी येईल म्हणायचो तुला."

"तेव्हापण माहीत होतं."

"कसं?"

"आईनंच सांगितलं, इस्पितळात. तू खाली संत्री आणायला गेला होतास. म्हणाली, मी येणार नाही घरी. पण बाबाला काही बोलू नकोस. त्याला ईस्टर ईस्टर करू दे, तेवढ्यावर गाडी चालवतोय तो."

स्तामेनने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. क्रेमेना उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्याला खेटून उभी राहिली. त्याने हात काढले तेव्हा त्याचे गाल ओले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

"आणखी काय म्हणाली?"

"खूप काही. सगळं सांगू?"

स्तामेनने शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"सांग. शेवटपर्यंत सांग."